काचबिंदूचा थेंब : चिठ्ठीपासून डोळ्यापर्यंत

काचबिंदू या नावाखाली मोडणाऱ्या विकारांत दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या सुमारे दहा लाख सूक्ष्म तंतूंच्या जुडग्याची, हळूहळू झीज होत जाते आणि झिजलेला तंतू पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दिसू लागते. काचबिंदूत मात्र गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. झीज बहुधा कडेच्या नजरेपासून सुरू होते, दुखत काही नाही, समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येते, त्यामुळे विकार बराच पुढे जाईपर्यंत माणसाला शंकाही येत नाही. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला, आणि दक्षिण भारतातील लोकवस्त्यांच्या पाहण्यांत ज्यांना हा विकार आढळला त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना तोवर त्याची कल्पना नव्हती. निदान झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती प्रथम येते ती एक लहानशी प्लास्टिकची बाटली, आणि ती पुढे वीस-तीस वर्षे त्यांच्यासोबत राहते.

या बाटलीविषयीच्या चर्चेत दोन प्रश्न वेगवेगळे हाताळले जातात. कोणते औषध द्यावे हा प्रश्न वैद्यकाचा मानला जातो आणि त्यावर गेल्या दीडशे वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. ते औषध डोळ्यात कसे जाते हा प्रश्न रुग्णाच्या घरचा मानला जातो आणि त्यावर दवाखान्यात बहुधा एखादे वाक्य बोलले जाते. ही फारकत चुकीची आहे, कारण थेंबाच्या औषधाची मात्रा गोळीसारखी कारखान्यात ठरून येत नाही. ती रोज रुग्णाच्या बोटांत, त्याच्या मानेच्या कलण्यात आणि त्याच्या सवयीत ठरते, आणि म्हणून औषधाची निवड करताना ते घालणारा हात विचारात घेतला नसेल तर ती निवड अपुरी राहते.

उपचाराचा सारा रोख डोळ्यातील दाबावर असतो. बुबुळामागील एक ग्रंथिल पट्टी नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव सतत स्रवत असते. दिवसा त्याचा वेग मिनिटाला दोन ते तीन मायक्रोलिटर असतो, रात्री तो जवळपास निम्म्यावर येतो. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. हे जल बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते आणि बुबुळ व स्वच्छमंडल, म्हणजे कॉर्निया, यांच्या सांध्यातील जाळीतून झिरपून रक्तात मिसळते; थोडे जल स्नायूंच्या तंतूंमधून दुसऱ्या वाटेनेही निघून जाते. आवक आणि निचरा यांच्या मेळातून जो दाब टिकतो तो बहुतेक निरोगी डोळ्यांत १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तो वाढला की दृष्टिचेतेला धोका वाढतो, परंतु काही डोळ्यांत २१ च्या आतल्या दाबानेही चेता झिजते आणि काहींत २५ वरही ती वर्षानुवर्षे शाबूत राहते, त्यामुळे ‘प्रेशर नॉर्मल आहे’ या वाक्याने कोणाचेही समाधान होऊ नये. दाब कमी करणे हाच आजवर सिद्ध झालेला उपाय होय. डोळ्यांचा दाब वाढलेला, पण चेता अजून शाबूत असलेल्या १,६३६ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांत औषधाविना ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के राहिले. स्वीडनमधील एका अभ्यासाने दाखवले की दाब एका मिलिमीटरने उतरला तर झीज पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. दाबाचा एकेक अंक मोलाचा आहे, हे या आकड्यांचे सांगणे आहे, आणि तो अंक थेंब नीट पडतो की गालावर ओघळतो यावरही अवलंबून असतो.

थेंबांनी काचबिंदूवर उपचार होऊ शकतो ही कल्पना १८७० च्या दशकातली. पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार भागात एका विषारी शेंगेच्या बिया आरोपींची सत्यपरीक्षा घेण्यासाठी वापरल्या जात. त्यांच्यातील फायसोस्टिग्मीन या द्रव्याने बाहुली आकसते हे एडिंबरोतील संशोधनातून आधीच कळले होते. जर्मन नेत्रवैद्य लुडविग लाक्वर यांनी १८७६ मध्ये ते द्रव्य काचबिंदूवर वापरले. त्यांना स्वतःला काचबिंदू होता, आणि त्यांनी हे औषध स्वतःच्या डोळ्यांतही घातले. पुढच्याच वर्षी आडोल्फ वेबर यांनी ब्राझीलमधील जाबोरांडी या वनस्पतीपासून मिळणारे पायलोकार्पिन आणले, आणि ते जवळपास शंभर वर्षे काचबिंदूचे मुख्य औषध राहिले. दिवसातून चार वेळा घालावे लागणारे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी करून संध्याकाळी अंधारून आणणारे, कपाळ दुखवणारे हे औषध लाखो लोकांनी दशकानुदशके सोसले, कारण दुसरे काही फारसे नव्हते. १९५४ मध्ये अॅसिटाझोलामाइडची गोळी आली, ती नेत्रजलाची निर्मितीच कमी करी. परंतु हातापायाला मुंग्या, भूक मरणे, मूतखडे अशा तक्रारींमुळे ती कायमची घेणे बहुतेकांना जमत नसे, आणि आजही ती मुख्यतः तातडीच्या प्रसंगी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी थोड्या दिवसांसाठी दिली जाते.

खरा बदल १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टिमोलोलने झाला. हृदयविकारासाठी शोधलेल्या बीटा-रोधक वर्गातील हे औषध दिवसातून एकदा-दोनदा घातले तरी पुरते, बाहुलीला हात लावत नाही आणि दाब वीस ते पंचवीस टक्के उतरवते. दुसरे वळण प्रोस्टाग्लॅंडिनांचे. शरीरात दाह उत्पन्न करणारी द्रव्ये अशी त्यांची ख्याती होती आणि मोठ्या मात्रेत ती डोळ्याचा दाब वाढवतात असेच प्रयोगांत दिसत होते. हंगेरीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे लास्लो बिटो यांनी अगदी अल्प मात्रा दिली तेव्हा दाब उलट उतरतो हे ताडले, आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांच्या साहाय्याने त्यातून लॅटॅनोप्रोस्ट घडले. १९९६ मध्ये ते बाजारात आले. दिवसातून एकच थेंब, दाबात पंचवीस ते तेहतीस टक्के घट आणि ती रात्रीही टिकणारी, अशी या वर्गाची जमेची बाजू आहे. बायमॅटोप्रोस्ट आणि ट्रॅव्होप्रोस्ट ही त्याची भावंडे २००१ मध्ये आली. नेत्रजलाची निर्मिती कमी करणारे डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड, तसेच निर्मिती कमी करून निचराही वाढवणारे ब्रिमोनिडीन हीसुद्धा १९९० च्या दशकातलीच देणगी. जाळीतील पेशींवर थेट काम करणारा नवा वर्ग, ज्यात जपानमध्ये २०१४ मध्ये मान्यता मिळालेले रिपासुडिल आणि अमेरिकेत २०१७ मध्ये आलेले नेटारसुडिल मोडतात, प्रभावी असला तरी डोळे लाल करतो आणि सध्या तो दुसऱ्या फळीतच आहे.

निवडीचा पहिला प्रश्न औषधाच्या आधीचा असतो. नेत्रजलाच्या निचऱ्याचा कोन उघडा आहे की बंद होत चालला आहे, हे गोनिओस्कोपी नावाच्या, डोळ्यावर आरशाचे भिंग टेकवून केल्या जाणाऱ्या तपासणीशिवाय कळत नाही. भारतात कोन बंद होण्याचा काचबिंदू युरोपच्या तुलनेत बराच अधिक आढळतो, आणि त्यात लेसरने बुबुळाला छिद्र पाडणे हा मूळ उपाय असतो. अशा डोळ्यात नुसते थेंब चालू ठेवणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत पाणी कमी सोडण्यासारखे आहे. कोन उघडा असेल आणि थेंब हाच मार्ग ठरला असेल तर बहुतेक ठिकाणी प्रोस्टाग्लॅंडिनाने सुरुवात होते. त्याची किंमत रुग्णाला आरशात दिसते : पापणीचे केस लांब आणि दाट होतात, पापणीची त्वचा काळवंडते, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल गेल्यासारखा वाटतो. गडद तपकिरी बुबुळांच्या भारतीय माणसाला बुबुळाचा रंग बदलल्याचे सहसा जाणवत नाही, पण औषध एकाच डोळ्यात घालायचे असेल तर दोन डोळ्यांत दिसणारा फरक लग्नाच्या वयाच्या मुलीला किंवा लोकांसमोर काम करणाऱ्या माणसाला खुपतो, आणि ही शक्यता आधी सांगितली नाही तर बाटली गुपचूप बंद होते. पूर्वी डोळ्यात दाह झालेला असेल किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडद्यावर सूज आली असेल, तर या वर्गाबाबत सावधगिरी बाळगावी लागते.

टिमोलोलचा विचार अधिक सविस्तर करायला हवा, कारण ते स्वस्त आहे, जुने आहे आणि सर्वत्र मिळते, म्हणून निरुपद्रवी समजले जाते. डोळ्यात पडलेला थेंब पापण्यांच्या आतील कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तेथून नाकात उतरतो; नाकाच्या ओल्या त्वचेतून तो सरळ रक्तात जातो आणि पोटातून गेलेल्या औषधावर यकृत जी काटछाट करते ती या वाटेवर होत नाही. त्यामुळे दम्याच्या रुग्णाला टिमोलोलच्या एका थेंबाने श्वासनलिका आकसण्याचा झटका येऊ शकतो, नाडी मंद असलेल्या किंवा हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असलेल्या वृद्धाला भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो, आणि इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला साखर उतरल्याची धडधड जाणवेनाशी होते. रात्री नेत्रजलाची निर्मिती मुळातच मंद असल्याने टिमोलोल झोपताना घातल्यास फारसे काम करत नाही, म्हणून ते दिवसातून एकदाच घालायचे असेल तेव्हा सकाळी घालणे योग्य. तसेच रक्तदाबासाठी बीटा-रोधक गोळी आधीच चालू असेल तर या थेंबाचा जादा फायदा कमी मिळतो. या माहितीचा उपयोग मात्र नेत्रवैद्याला रुग्णाच्या गोळ्या ठाऊक असतील आणि फॅमिली डॉक्टरांना त्याचे थेंब ठाऊक असतील तेव्हाच होतो. मराठी घरांत ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाला उत्तर म्हणून गोळ्यांची पाकिटे पुढे येतात, डोळ्याची बाटली कपाटातच राहते, कारण ती औषधांत धरलीच जात नाही. दम लागतो म्हणून पंप सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यात रोज दोनदा टिमोलोल पडत आहे, हे अनेक महिने कोणाच्याच लक्षात न येण्याचे कारण हेच असते.

इतर वर्गांबाबत थोडक्यात असे सांगता येते. ब्रिमोनिडीनने झोप येते आणि तोंड कोरडे पडते, काही महिन्यांनी डोळे लालबुंद होऊन खाजू लागले तर ती अॅलर्जी असते व औषध बदलावे लागते. दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये, कारण त्यांच्यात ग्लानी आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो, म्हणून नातवंडे रांगत असलेल्या घरात आजोबांची ही बाटली उंच फळीवर असावी. डॉर्झोलामाइड डोळ्यात झोंबते आणि तोंडात कडू चव आणते, त्यात सल्फा गट असल्याने सल्फाची तीव्र अॅलर्जी आधी सांगणे आवश्यक. ब्रिन्झोलामाइड दुधाळ असते आणि बाटली हलवूनच वापरावे लागते. एका औषधाने ठरवलेला दाब गाठता आला नाही तर दोन औषधे एकाच बाटलीत असलेले मिश्रण देणे सोयीचे पडते, मात्र त्या मिश्रणात बहुधा टिमोलोल असते हे विसरता कामा नये.

बाटलीत औषधाखेरीज आणखी एक द्रव्य असते, त्याविषयी रुग्ण क्वचितच विचारतात. एकदा उघडलेली बाटली महिनाभर वापरायची तर तीत जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक घालावे लागते, आणि सर्वाधिक वापरले जाणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे साबणासारख्या गुणधर्माचे रसायन आहे. ते जंतूंचे आवरण फोडते, पण अश्रूंवरील तेलाचा थरही विस्कटते आणि डोळ्याच्या वरच्या पेशींना इजा करते. दिवसातून एक थेंब असेल तर बहुतेकांना ते सोसते. दोन-तीन बाटल्यांतून रोज चार-पाच थेंब दहा वर्षे पडत राहिले तर डोळे कोरडे, खुपणारे आणि लाल होतात, रुग्ण त्याचा दोष औषधाला देऊन ते सोडतो, आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर दीर्घकाळ दाह सोसलेल्या त्वचेवर ती कमी यशस्वी होते. एकदाच वापरायच्या कुप्या, झडप बसवलेल्या परिरक्षकरहित बाटल्या आणि सौम्य परिरक्षके हे त्यावरचे पर्याय आहेत, आणि डोळे आधीच कोरडे असतील तर ते सुरुवातीपासून द्यायला हवेत. किंमत अधिक असल्याने ते मागे पडतात ही खेदाची गोष्ट आहे. परिरक्षक नको म्हणजे काळजी नको असे मात्र नाही. २०२३ मध्ये चेन्नईजवळ तयार झालेल्या परिरक्षकरहित कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशी अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग जोडला गेला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदवले, त्यांत १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. काचबिंदूच्या अनेक रुग्णांना कोरडेपणासाठी अशाच कृत्रिम अश्रूंची जोड दिली जाते, म्हणून ही घटना त्यांच्यापासून दूरची नाही.

आता थेंब घालण्याच्या कृतीकडे वळता येईल. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा सुमारे सात ते दहा मायक्रोलिटरांचा थर असतो आणि खालच्या पापणीची खोबण ओढून धरली तरी तीत जेमतेम तीस मायक्रोलिटर मावतात. बाटलीतून पडणारा एक थेंब पंचवीस ते पन्नास मायक्रोलिटरांचा असतो. दुसरा थेंब घातल्याने औषध दुप्पट होत नाही, तो फक्त गालावर आणि नाकात जातो. डोळ्याच्या आतपर्यंत पोहोचणारे औषध पाच टक्क्यांहूनही कमी असते. या अरुंद हिशेबामुळे कृतीतले छोटे तपशील मोठे ठरतात. हात धुवावेत; बसून मान मागे टेकवावी किंवा सरळ पाठीवर झोपावे, कारण वृद्धांची मान उभ्याने मागे कलत नाही आणि कललीच तर चक्कर येते; एका हाताच्या बोटाने खालची पापणी हळूच खाली ओढून खोबण करावी; बाटलीचा हात कपाळाला किंवा दुसऱ्या हाताला टेकवून स्थिर करावा; नजर वर ठेवून एकच थेंब खोबणीत सोडावा, आणि बाटलीचे तोंड पापणीला वा स्वच्छमंडलाला लागू देऊ नये, कारण तेथून जंतू बाटलीत जातात आणि टोकाने स्वच्छमंडलावर ओरखडाही पडतो. त्यानंतर डोळा अलगद मिटून, न मिचकावता, नाकालगतचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. १९८० च्या दशकात झालेल्या मोजणीत या साध्या दाबण्याने रक्तात जाणारे औषध साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला याहून स्वस्त सुरक्षा मिळणार नाही, आणि औषध डोळ्यावर थांबल्याने गुणही अधिक येतो. दोन वेगळी औषधे घालायची असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन नेते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घालावा आणि पंधरा मिनिटांनी लेन्स पुन्हा बसवावी.

हे सारे रुग्णांना येते असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत २००९ मध्ये चित्रफितीवर केलेल्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांनी थेंब घालताना काही अडचण येत नाही असे सांगितले, परंतु बाटलीचे टोक न टेकवता एकच थेंब डोळ्यात पाडणे त्यांच्यापैकी एक तृतीयांश जणांनाही जमले नाही. संधिवाताने वाकलेली बोटे, कंपवाताचा थरथरता हात, घट्ट प्लास्टिकची बाटली आणि ज्या डोळ्याला मुळातच कमी दिसते त्याच डोळ्याने जवळ येणारे टोक पाहण्याची कसरत, या साऱ्यांचा हा परिणाम आहे. प्रत्येक भेटीत रुग्णाला डॉक्टरांसमोर एक थेंब घालून दाखवायला लावणे, किंवा निदान नर्ससमोर तरी, हा दाब मोजण्याइतकाच तपासणीचा भाग असायला हवा. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि तो बहुतेक दवाखान्यांत होत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बाटली डोळ्यावर टेकवून धरणारी साधी प्लास्टिकची आधारचकती मिळते. घरात थेंब घालणारे दुसरे कोणी असेल तर सुनेला, मुलाला किंवा शेजारणीला दवाखान्यात बोलावून शिकवणे योग्य, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला दिवसातून चार वेळांचे औषध लिहून देणे म्हणजे ते न दिल्यासारखेच आहे. थंड थेंब डोळ्यावर पडल्याचे चटकन कळते, म्हणून बधिर किंवा कोरड्या डोळ्याच्या रुग्णाने थेंब घालण्यापूर्वी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर एकावर दुसरा थेंब वाया जात नाही.

थेंब घातलाच जातो का, हा त्याहून कठीण प्रश्न. १९८० च्या दशकात पायलोकार्पिनच्या बाटलीत छुपे मोजयंत्र बसवून घेतलेल्या नोंदीत रुग्ण सांगत होते की ते ९७ टक्के वेळा औषध घालतात, यंत्र सांगत होते ७६ टक्के. दोन दशकांनी ट्रॅव्होप्रोस्टबाबत असाच अभ्यास झाला. औषध फुकट होते, यंत्र बसवल्याचे रुग्णांना ठाऊक होते, तरी जवळपास ४५ टक्के जणांनी तीन चतुर्थांशाहून कमी वेळा ते वापरले. याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. जे औषध घालून काहीही बरे वाटत नाही, उलट डोळा झोंबतो आणि लाल होतो, ज्याचा फायदा म्हणजे दहा वर्षांनी एक गोष्ट न घडणे, ते रोज आठवणीने घालणे मानवी स्वभावाच्या विरुद्ध आहे. त्यातच अनेक रुग्ण तपासणीच्या तारखेआधी चार-पाच दिवस नियमित थेंब घालतात, त्यामुळे दवाखान्यात दाब उत्तम येतो आणि फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेच्या क्षेत्राच्या मोजणीत, झीज पुढे सरकलेली दिसते. अशा वेळी डॉक्टर दुसरी बाटली वाढवतात, दुसरीमुळे पहिलीही चुकू लागते. औषध वाढवण्यापूर्वी पहिले औषध खरोखर घातले जाते का हे न रागावता विचारले, तर रुग्ण सांगतात. थेंबाची वेळ आधीच्या एखाद्या पक्क्या सवयीला बांधणे सर्वात उपयोगी पडते : संध्याकाळी देवापाशी दिवा लावणे, रात्रीच्या बातम्या, झोपण्यापूर्वीची रक्तदाबाची गोळी. लॅटॅनोप्रोस्ट रात्री घालण्याची पद्धत आहे, पण रात्री विसरणाऱ्याला ते सकाळी आठवत असेल तर सकाळी घातलेले औषध रात्री विसरलेल्या औषधापेक्षा बरे. चुकलेल्या थेंबाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा घालू नये. दिवसातून एकाहून अधिक वेळा घातल्यास लॅटॅनोप्रोस्टचा दाब उतरवण्याचा गुण उलट कमी होतो.

किंमत आणि साठवण यांचाही हिशेब मांडायला हवा. लॅटॅनोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ऐंशी थेंब असतात. दोन्ही डोळ्यांना रोज एक म्हणजे महिन्याला साठ, उरतात वीस, आणि हात हुकणाऱ्या रुग्णाची बाटली विसाव्या-बाविसाव्या दिवशी संपते. मग पैसे येईपर्यंत किंवा तालुक्याला जाणे होईपर्यंत आठवडाभर खंड पडतो. ‘बाटली किती दिवस पुरते’ हा प्रश्न म्हणूनच थेंब कसा घातला जातो याचीही तपासणी आहे. टिमोलोल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत बऱ्याच आधीपासून आहे आणि २०२२ च्या यादीत लॅटॅनोप्रोस्टही आले, त्यामुळे त्यांच्या किमतीला मर्यादा बसते. जेनेरिक औषध घेण्यात गैर काही नाही, परंतु बाटलीचे प्लास्टिक आणि टोक बदलले की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून दर महिन्याला वेगळी बाटली घेण्यापेक्षा एकच निवडून ती चालू ठेवावी आणि बदललीच तर दाब पुन्हा मोजून घ्यावा. न उघडलेली लॅटॅनोप्रोस्टची बाटली बहुधा दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवायची असते, उघडल्यावर पंचवीस अंशांखाली चार ते सहा आठवडे. वैशाखात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या घरात पंचवीस अंश ही कल्पनाच राहते, तेव्हा बाटली फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवणे हाच मार्ग. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि महिन्यानंतर उरलेले टाकून द्यावे. अमेरिकेत औषधांच्या वर्गानुसार झाकणांचे रंग ठरलेले आहेत, भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व बाटल्यांवर तो संकेत दिसत नाही. दोन बाटल्या असतील तर एकीला रबरबँड बांधल्याने अंधुक दिसणाऱ्याला स्पर्शाने ओळख पटते. कानाचे थेंब आणि चटकन चिकटणारा गोंद यांच्या तशाच बाटल्या डोळ्यात रिकाम्या झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणून डोळ्याची बाटली त्यांच्या शेजारी असूच नये.

या विषयाला एक उलटी बाजू आहे, आणि महाराष्ट्रात ती दुर्लक्षून चालणार नाही : काही थेंब काचबिंदू उत्पन्न करतात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड असलेले थेंब डोळ्याची लाली आणि खाज काही तासांत घालवतात, आणि काही आठवडे चालू राहिले तर सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब वाढवतात, त्यातील थोड्यांत फार. दर उन्हाळ्यात डोळे खाजून हैराण होणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना एकदा लिहून दिलेली बाटली चिठ्ठीविना मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणली जाते, बरे वाटते म्हणून आई निश्चिंत असते, आणि पुढे त्या मुलाची दृष्टिचेता मोठ्या प्रमाणात झिजलेली आढळते. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत. तो नियम पाळला गेला तर मुलांमधला हा काचबिंदू बराचसा टाळता येईल. मध, गुलाबपाणी, तूप किंवा कांद्याचा रस डोळ्यात घातल्याने दाब उतरत नाही, जंतू मात्र जातात.

थेंबच का, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत नव्याने विचारला जात आहे. लंडनमधील मूरफील्ड्स रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७१८ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना थेंब आणि निम्म्यांना निचऱ्याच्या जाळीवर सौम्य लेसर देण्यात आला. तीन वर्षांनी लेसर घेतलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के थेंबांविना ठरलेल्या दाबात होते. त्यानंतर ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनी हा लेसर पहिल्या उपचाराच्या जागी आणला. ज्याला दर महिन्याची बाटली परवडत नाही, ज्याच्या गावाहून तालुका लांब आहे, ज्याचा हात थरथरतो, अशा रुग्णाला हा पर्याय पहिल्याच भेटीत सांगितला जायला हवा, थेंब हरल्यावर नव्हे. मात्र लेसरचा गुण काही वर्षांत ओसरू शकतो आणि दाबाची तपासणी चुकवता येत नाही, हेही त्याच भेटीत सांगायला हवे. औषध डोळ्यातच महिनोन्‌महिने झिरपत ठेवणारी बारीक कांडी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली, पण पुन्हा पुन्हा घातल्यास स्वच्छमंडलाच्या आतील पेशी कमी होतात असे दिसल्याने मंजुरी मिळताना ती एका डोळ्यात एकदाच घालण्याची अट होती. कांडी विरघळून तिचा गुण ओसरला की त्या रुग्णालाही लेसर, शस्त्रक्रिया किंवा पुन्हा बाटली यांतून निवड करावी लागते, आणि बाटली ठरली तर तिच्या झाकणावर तारीख लिहिण्यापासून सुरुवात होते.